नवा येऊन राह्यला

आजवर मी जेवढे मोबाइल घेतले, ते सगळे माझ्या आर्वीच्या घरमालकांचा सल्ला मोडून घेतले. त्यातला एकही घेऊन मला धड आनंद झाला नाही. दुकानातून बाहेर पडून खोक्यावरचं प्लास्टिक फाडलं, की त्यांचा तो घशात अडकलेला आवाज कानाशी येतो, "घेतलाच का सर? थोडं थांबले असते तं..." पुढचं वाक्य ते कधी पुरं करायचे नाहीत. थांबल्यावर नेमकं काय झालं असतं हे त्यांनाही ठाऊक नसावं. पण काहीतरी चांगलं झालं असतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळभरही शंका नसायची.

एका खासगी कॉलेजात इतिहास शिकवायची नोकरी लागली म्हणून मी सांगलीकडचा माणूस आर्वीला जाऊन पडलो. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं आणि त्यातली समोरची खोली मला भाड्यानं मिळाली होती. गल्लीत सगळे त्यांना काकाजी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. उंच, जरा वाकलेले, पायजमा आणि पांढरा शर्ट. शर्टाचा खिसा सदा खाली ओघळलेला असायचा, कारण त्यात बटनांचा एक जुना फोन रबर लावून ठेवलेला असे. रबर काढला की त्याची बॅटरी बाहेर पडायची.

आणि या माणसाला सगळं गाव विचारायला यायचं, की मोबाइल आता घेऊ का थांबू.

कारण फोनची माहिती त्यांना खरोखरच होती. कुठल्या कंपनीचं पुढचं मॉडेल कधी यायचं आहे, त्याचा कॅमेरा कसा असेल, ते आलं की आधीच्याचा भाव किती पडेल, हे ते कापसाच्या भावासारखं बोलायचे. रोज संध्याकाळी ते बाजारातल्या एका मोबाइलच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला न्याहाळावं तसे एकेक फोन न्याहाळत. तळहात पायजम्याला पुसायचे, फोन हातावर तोलायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे आणि परत ठेवून द्यायचे. समोर एखादं गिऱ्हाईक घ्यायच्या बेतात आलं, की तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून हळूच म्हणायचे, "नवा येऊन राह्यला." नवा येतोय म्हटल्यावर गिऱ्हाईक पैसे परत खिशात घालायचं. दुकानदार तोंडावर काही बोलायचा नाही, नात्यातला होता, पण एकदा मला रस्त्यात गाठून म्हणाला, "सर, तुमी भाडेकरू हाय ना त्याइचे? संध्याकाळच्यानं त्याइले कुठं फिरवून आणत जा ना."

मला स्वतःला त्यांनी पुरतं छळलं. माझा फोन नळाखालच्या बादलीत पडला आणि कायमचा गेला, तेव्हा मी सरळ दुकानात निघालो होतो. दारातच त्यांनी अडवलं. "कायले घाई करता? या महिन्यात घेनारा फसते." मी महिनाभर बिनफोनचा राहिलो. कॉलेजात प्राचार्यांनी माझी अक्कल काढली, घरी आईनं रडून गोंधळ घातला. शेवटी मी गुपचूप वर्ध्याला जाऊन फोन घेऊन आलो, तोही बिचारा स्वस्तातला. त्यांनी तो हातावर तोलला, उलटा केला, सुलटा केला आणि फार दुःखी चेहऱ्यानं परत दिला. घरात मयत झाल्यासारखे ते त्या दिवशी माझ्याशी अदबीनं वागले.

हे खूळ त्यांच्यात कुठून आलं हे मला कळायला एक हंगाम जावा लागला. दिवाळीनंतर एका सकाळी ते माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, "सर, तुमच्या खोलीत थोडा माल ठेवू का? चार-आठ दिवस." मी हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत माझ्या अर्ध्या खोलीत खिडकीपर्यंत कापूस भरलेला होता. त्यांच्या स्वतःच्या खोल्या आधीच भरल्या होत्या. चार-आठ दिवसांचे होळीपर्यंतचे दिवस झाले. मी कापसाशेजारी झोपलो, कापसाशेजारी पेपर तपासले, आणि ऊन तापायला लागलं तसं माझ्या अंगाला जी खाज सुटली ती काही केल्या थांबेना. घरात फार दिवस साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात हे मला तेव्हा कळलं. काकाजी स्वतः रात्रंदिवस खाजवत असत, पण कापूस विकायचं नाव काढायचे नाहीत. भाव वाढणार होता.

"एका वर्षी घाई केलती," त्यांनी मला सांगितलं, "बापानं सांगतलं थांब, म्या नाई ऐकलं. घातला मार्केटात. आठ दिवसांत भाव असा चढला का बाप माह्याशी पोळ्यापर्यंत बोलला नाई." ते लग्नाच्या आधीचं होतं. तेव्हापासून त्यांनी घाई अशी कशाचीच केली नाही. कापूस घरात ठेवला की भाव चढतो, मोबाइल दुकानात राहिला की भाव पडतो. दोन्हीकडे थांबणाऱ्याचंच भलं आहे, असा त्यांचा सरळ हिशोब होता. कापूस पिवळा पडून कमी भावानं गेलेली वर्षं त्यांच्या हिशोबात धरलेली नसायची.

यात हसण्यासारखं बरंच होतं आणि मी पहिली दोन वर्षं हसलोही. पण त्या घरात काकू होत्या.

काकू म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, कमी बोलणारी, विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी-मिरची लावून आठवडी बाजारात स्वतः विकायला बसणारी. त्यांचा एक डोळा लहानपणीच गेला होता. शेतात खेळताना कापसाच्या पऱ्हाटीची वाळकी काडी लागली होती. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी सगळा संसार केला, लेक वाढवली, लग्न करून दिली. लेक जावयाबरोबर जर्मनीला गेली आणि तिथं तिला मुलगी झाली. ती नात काकूंनी पाहिली नव्हती. लेकीचं येणं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. रविवारी दुपारी तिचा फोन यायचा, तो या बटनांच्या फोनवर. काकू तो कानाशी घट्ट दाबून धरायच्या आणि नातीचे बोबडे शब्द ऐकत ओट्यावर बसून राहायच्या. बोलणं संपलं की रबर लावून फोन काकाजींना परत द्यायच्या. मग म्हणायच्या, "अजी, आता पाह्यली पाह्यजे जी पोरगी."

"पाहू ना. नवा येऊ दे," काकाजी म्हणायचे. "पयल्यांदा नात पाह्यशीन तं चांगल्या फोनवर पाह्यशीन."

हे ते टाळायला म्हणत नव्हते. त्यांचा खरोखर तसा बेत होता. त्यांच्या डोक्यात तो फोन तयार होता: मोठा पडदा, स्वच्छ कॅमेरा, दुपारभर पुरेल अशी बॅटरी. ज्या फोनची ते सगळ्या गावाला वाट पाहायला लावत होते, तो त्यांना बायकोसाठी हवा होता.

मला राहवलं नाही म्हणून एका रविवारी मी माझ्याच फोनवरून लेकीला व्हिडिओ कॉल लावून दिला. काकूंनी हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि फोन दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग पदरानं काच पुसली. फोन जवळ नेला, लांब नेला. "तिकडं धुकं हाय का व?" त्यांनी लेकीला विचारलं. लेक म्हणाली, "नाई आई, चांगलं ऊन पडलं हाय." काकूंनी पुन्हा काच पुसली. काकाजी मागून वाकून बघत होते. त्यांनी फोन काढून घेतला, कॅमेऱ्यावर बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "सर, मी तुमाले तवाच सांगतलं होतं. हलका घेतला तुमी. याच्यात मानसाचा चेहरा उतरतच नाई." आम्ही तिघांनीही फोनला दोष दिला. लेकीनंसुद्धा तिकडून नेटवर्कला दिला.

धुकं जर्मनीत नव्हतं आणि माझ्या फोनमध्येही नव्हतं.

हे कळलं ते आंजी गावात. काकूंची बहीण तिथं राहायची आणि त्या गावात डोळ्यांचं शिबिर होतं. बहिणीनं त्यांना बळंच रांगेत उभं केलं. डॉक्टरनं तपासून सांगितलं, की मोतीबिंदू आहे, एकच डोळा आहे, तर आत्ताच काढून टाका. काकू हे घरी येऊन सांगत असताना मी ओट्यावरच होतो. काकाजींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"पिकला का म्हने?"

"थे नाई मले माहीत. काढा म्हनला."

"कच्चा असन तं कायले काढाचा?" ते माझ्याकडे वळले. "सर, बोंड कच्चं तोडता का कोनी? तोडलं तं आत पिवळी कवडी निघते, कामाची नाई. आपल्या हातानं फुटलं पाह्यजे थे. तवा कापूस कसा आपोआप हातात येते."

मी म्हटलं, काकाजी, आता तसं राहिलेलं नाही, पिकायची वाट बघत नाहीत. ते म्हणाले, "मले माहीत हाय, आता मशिनीनं करते. पन लेन्स कोनती टाकते थे पाहा ना. नव्या लेन्सा येऊन राह्यल्या, जवळचं अन् दूरचं एकाच लेन्सनं. तिले एकच डोळा हाय सर. त्यात मी हलका माल टाकू का?"

माणूस निष्काळजी असता तर भांडता आलं असतं. हा काळजीपोटीच अडून बसला होता. आमच्या गल्लीतही सगळ्यांचं मत त्यांच्याच बाजूचं होतं. मोतीबिंदू पिकू द्यावा, ऊन-पावसात काढू नये, थंडीत काढावा. शेवटी त्यांनी बेत जाहीर केला. दिवाळी झाली की डोळा करायचा आणि डोळा झाला की फोन घ्यायचा. दोन्ही नवे. नव्या डोळ्यानं नव्या फोनवर नात बघायची. काकू हे ऐकून हसल्या. मला तो बेत आवडला होता की नव्हता हे आता आठवत नाही, पण त्यांचं ते हसणं आठवतं.

पावसाळाभर काकूंची नजर उतरत गेली. मिरच्या निवडताना त्या हातानं चाचपून देठ मोडायच्या. चहाचा कप ठेवायच्या तो ओट्याच्या कडेवर. एकदा बाजारात कुणीतरी त्यांना फाटकी नोट देऊन गेलं, तेव्हापासून त्यांनी बाजारात बसणं सोडलं. मी एक दिवस म्हटलं, "काकू, काकाजींना सांगा तरी, इतकं कमी दिसतं म्हणून."

"नको जी," त्या म्हणाल्या. "घाबरून कोनताई घेऊन येतीन. मंग जन्मभर मनाले लावून घेतीन. मी त्याइले वळखतो."

तेव्हा मीच जाऊन सांगितलं. काकाजी दुकानातून परतत होते. मी त्यांना म्हटलं, काकूंना आता समोरचा माणूस ओळखू येत नाही. ते रस्त्यातच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं, ते मी कधी विसरणार नाही.

"मंजे पिकून राह्यला," ते म्हणाले. "चांगलं झालं."

मी हात टेकले. घरी येऊन दार लावून घेतलं आणि त्यांच्यावर मनातल्या मनात खूप चिडलो. चिडून काय उपयोग होता म्हणा.

दिवाळी आली. नवा फोनही आला. दुकानाच्या काचेवर त्याचं भलंमोठं चित्र लागलं. काकाजींनी तो हातावर तोलला, बराच वेळ तोलला. मग घरी येऊन म्हणाले, की संक्रांतीला हाच फोन बराच खाली येतो आणि डोळ्याचा मोठा डॉक्टरही तेव्हाच नागपूरहून येणार आहे, तर आता एवढे थांबलो तसे अजून थोडे. काकूंनी चुलीवरची भाकरी उलटली आणि बोटं भाजून घेतली.

संक्रांतीच्या आत एका सकाळी काकूंचं डोकं दुखायला लागलं. दुखायला लागलं म्हणजे त्या भिंतीवर कपाळ घासू लागल्या. ओकाऱ्या झाल्या. घरच्यांना वाटलं पित्त आहे. लिंबूपाणी दिलं, सुंठ उगाळून लावली, शेजारणीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला तेव्हा मी गाडी बोलावली आणि आम्ही त्यांना वर्ध्याला नेलं. रस्ताभर काकूंनी डोळ्यावर पदराचा बोळा धरला होता आणि काकाजी पुढच्या सीटवरून सारखे मागं वळून बघत होते.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन नीट समजावलं. मोतीबिंदू नको इतका पिकला होता. आतल्या आत फुगून त्यानं डोळ्यातला दाब वाढवला होता आणि त्या दाबानं मागची नस मेली होती. दुखणं थांबावं म्हणून मोतीबिंदू आता काढू, पण नजर येणार नाही. काकाजींनी सगळं मान हलवत ऐकलं. मग विचारलं, "बाई, पुढं काही नवीन निघन का? आज नाई तं दोन वर्षांनं? आमी थांबू."

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "नाही काका," त्या म्हणाल्या, "मेलेल्या नसेसाठी काही नाही."

ते बाकावर बसले. रडले नाहीत. खिशातला फोन काढून त्यांनी त्याचा रबर काढला, बॅटरी काढली, परत घातली, रबर लावला. हे ते कितीतरी वेळ करत होते आणि मला त्यांच्याजवळ जाऊन बसायचा धीर झाला नाही.

काकूंना सुट्टी मिळाली त्या दिवशी, गाडी यायच्या आधी, ते मला म्हणाले, "चला सर, एक काम हाय." समोरच्याच पहिल्या दुकानात ते शिरले आणि म्हणाले, "सगळ्यात चांगला कोनता थो दे." पोरगेलासा दुकानदार भला होता. त्यांचे कपडे बघून म्हणाला, "काकाजी, पुढच्या महिन्यात नवा येऊन राह्यला. हाच स्वस्त होईन. थांबता का?" काकाजींनी त्याच्याकडे जे पाहिलं, त्यासरशी त्यानं खोकं काढून पुढं ठेवलं. फोन त्यांनी हातावर तोललासुद्धा नाही.

तो रविवार मी त्या घरात होतो. लेकीला अजून खरं सांगितलेलं नव्हतं. ऑपरेशन झालं एवढंच तिला ठाऊक होतं. काकू खाटेवर पाय दुमडून बसल्या होत्या. केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. काकाजींनी फोन त्यांच्या चेहऱ्यासमोर दोन्ही हातांनी धरला. मी कॉल लावून दिला आणि पडद्यावर ती मुलगी आली. इतकं लख्ख चित्र मी आजवर पाहिलं नव्हतं. तिच्या ओठाला लागलेलं दूधसुद्धा दिसत होतं.

"आई, दिसते का आता?" लेकीनं विचारलं.

"दिसते ना व. चांगली दिसते," काकू म्हणाल्या. त्या जरा डावीकडे, खिडकीकडे तोंड करून हसत होत्या.

"आई, इकडं पाह्य ना. कॅमेऱ्याकडं."

काकाजींनी चटकन फोन खिडकीच्या बाजूला सरकवला, काकूंचं तोंड होतं तिथं. पलीकडे लेकीचं समाधान झालं. ती नातीला पुढं करून म्हणाली, "आजीले गाणं म्हन." मुलीनं कुठलंसं जर्मन गाणं सुरू केलं. त्या गाण्याच्या आडोशानं काकू हळूच म्हणाल्या, "अजी, कशी हाय?"

काकाजींचा चेहरा एकदम खुलला. हे त्यांना येत होतं. "एकदम साफ," ते पुटपुटले. "रंग एक नंबर. पडदा पाह्य किती मोठा हाय, कुठं अटकत नाई, फाटत नाई. अंधारातई..."

"फोन नका सांगू," काकू म्हणाल्या. "पोरगी सांगा."

ते वाकून पडद्याकडे बघायला लागले. फोनच्या कडा नव्हेत, काच नव्हे, आतली मुलगी. मला वाटतं, त्यांनी तिला तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. "नाक..." ते म्हणाले, "नाक हाय बारीक." आणखी खाली वाकले. "केस हाय," ते म्हणाले, "कपाळावर येऊन राह्यले."

"कोनावर गेली?" काकूंनी विचारलं. "माह्यावर का?"

त्यांनी फोनवरून नजर काढली आणि काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या दोघांना मी कधी एकमेकांकडे बघताना पाहिलेलं नव्हतं, आणि आताही एकच जण बघत होता. बघता बघता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांचे दोन्ही हात फोन धरण्यात गुंतले होते, म्हणून ते तसंच हनुवटीवरून खाली गळत राहिलं.

"सांगा ना जी," काकू म्हणाल्या. "तिचं गानं संपून जाईन."